एका रात्रीपुरतं जाऊन डिनर थिएटरमध्ये काम करायचंय, तेही बदली नट म्हणून

अर्धा_पडदा | बुधवार, रात्री १०.५०

मंडळी, घाईत लिहितोय. शनिवारी संध्याकाळी साडेसातला प्रयोग आहे आणि आज बुधवार.

दोन वर्षांपूर्वी ज्या ग्रुपबरोबर काम केलं होतं, त्यांच्या दिग्दर्शिकेचा दुपारी फोन आला. खुनाच्या तपासाचा खेळ आहे. प्रेक्षक टेबलांभोवती जेवत बसतात, मधे मधे प्रवेश होतात आणि शेवटी खुनी कोण ते प्रेक्षकांनी ओळखायचं. इन्स्पेक्टर करणाऱ्याचा आवाज पार बसलाय. मीच का, असं विचारलं तर म्हणाली, "तुझी उंची त्याच्याएवढी आहे, कोट बसेल." एवढ्या पात्रतेवर मी हो म्हणून बसलो. फोन ठेवल्यावर घाम फुटला.

संहिता ३१ पानांची, त्यातल्या १७ पानांवर मी आहे. गाडीने साडेचार तासांचं अंतर. शनिवारी सकाळी साडेनऊला निघून दोनला पोचायचं, एक तालीम, मग थेट प्रयोग. रविवारी सकाळी अकराला परत कामावर हजर राहायचंय, ते टळणारं नाही.

आता खरी भीती. आजवर मी फक्त नेहमीच्या रंगमंचावर काम केलंय. मला लांबचं दिसत नाही आणि स्टेजवर चश्मा काढून ठेवायची सवय आहे. समोर नुसता धूसर अंधार असला की कोणी बघतंय असं वाटतच नाही, आणि माझं सगळं धैर्य त्या धूसरपणात आहे. इथे प्रेक्षक हाताच्या अंतरावर, उजेडात, तोंडात घास असलेले.

तीन दिवसांत पाठांतर कसं बसवू? जेवणाऱ्या माणसांमध्ये उभं राहून बोलायचं कसं? आणि प्रयोग संपल्यावर रात्रीच निघावं की पहाटे?

---

तिसरी_घंटा | बुधवार, रात्री ११.३५

सहा वर्षं असले खेळ केलेत. मोलकरीण, विधवा, दोनदा प्रेत. माझ्यापेक्षा लहान असशील असं धरून अरे-तुरे करते.

सतरा पानं पाठ करायच्या मागे लागू नकोस. आधी दिग्दर्शिकेकडून एवढंच लिहून घे, की कुठल्या प्रवेशात कुठला पुरावा तुझ्या तोंडून बाहेर पडायचाय. विनोद गळला तर कुणाला कळत नाही. पुरावा गळला तर हॉलमधल्या एकाही टेबलाला खुनी सापडत नाही, आणि लोक चिडतात. खरंच चिडतात, पैसे देऊन कोडं सोडवायला आलेले असतात ते. त्यामुळे पुराव्याची वाक्यं आणि ज्यांच्यावर दुसऱ्याची एंट्री आहे ती वाक्यं, ही दोन्ही शब्दशः पाठ. बाकी सगळं स्वतःच्या शब्दांत बोललास तरी चालेल.

शिवाय तू इन्स्पेक्टर आहेस. तुझ्या हातात वही शोभते! इतर कुठल्याही पात्राला ही चैन नाही. छोटी वही घे, प्रत्येक प्रवेशाला एक पान, ठळक अक्षरात पाच-सहा शब्द. पूर्ण वाक्यं लिहू नकोस, वाचायला लागशील. फोनमध्ये तर अजिबात नको.

आता जेवणाऱ्यांचं. इथे नाटकाची लय दिग्दर्शक ठरवत नाही, स्वयंपाकघर ठरवतं. सूपच्या वाट्या उचलल्या जाईपर्यंत पुढचा प्रवेश सुरू होत नाही. चाळीस गरम ताटं बाहेर येत असताना तू मृत्युपत्र वाचायला घेतलंस तर ते फक्त तुलाच ऐकू जाईल. म्हणून गेल्यावर पहिला प्रश्न हा, की आतून 'झालं' असं कळल्यावर आपल्याला खूण कोण करणार? आणि उशीर झाला तर भर कोण घालणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'इन्स्पेक्टर' असंच मिळेल, तयारी ठेव.

भर घालायची म्हणजे टेबलांवर जाऊन चौकशी करायची. माणूस निवडणं हीच यातली कला. खाली मान घालून ताटात बघणाऱ्याला सोडून दे. आपसात धुसफुसणाऱ्या जोडप्याला सोड. जास्त प्यायलेला माणूस तर दुरूनच ओळखून सोड, त्याला बोलायला लागलास की प्रयोग त्याचा होतो. कोपर टेबलावर टेकून पुढे झुकलेला, घास गिळून झालेला, डोळ्यांत चमक असलेला माणूस शोध. त्याला सोपा प्रश्न विचार, एका वाक्यात उत्तर येईल असा. आणि तो तुझ्यापेक्षा मोठा हशा घेऊन गेला तर घेऊ दे. वरचढ टोला मारायला जाऊ नकोस.

काट्याचमच्यांच्या आवाजावर आवाज चढवू नकोस. एकदा चढवला की रात्रभर तसाच ठेवावा लागतो आणि तिसऱ्या प्रवेशात तुझाही घसा त्या पहिल्या माणसासारखा होईल. थांब. दोन सेकंद नुसता उभा राहा. इन्स्पेक्टर गप्प झाला की लोक आपोआप हातातला काटा खाली ठेवतात.

चारही बाजूंनी माणसं असतील. कुठल्याही टेबलाला दोन वाक्यांपेक्षा जास्त वेळ तुझी पाठ दिसता कामा नये. आणि हशा एकदम येत नाही, लाटेसारखा येतो, कारण तुझा चेहरा त्या कोपऱ्यातल्यांना उशिरा दिसतो. शेवटच्या टेबलाचं हसून होईपर्यंत पुढचं वाक्य टाकू नकोस.

चश्मा घाल. इन्स्पेक्टरला शोभतो. नाही घातलास तर ट्रेवर आदळशील.

साडेचारला हलकं खाऊन घे. नंतर फक्त पाणी. भुकेल्या पोटी दोन तास दुसऱ्यांच्या ताटांमधून फिरणं ही वेगळीच शिक्षा आहे, प्रेत असताना मी ती आडवी पडून भोगलीय.

---

बशी_आणि_कप | गुरुवार, सकाळी ८.१५

मी नट नाही. अशाच एका हॉलमध्ये तीन वर्षं वाढप्यांचा कॅप्टन होतो. वर बाईंनी सगळं बरोबर लिहिलंय, आमच्या बाजूचं थोडं घालतो.

दोन वाजता तुम्ही पोचाल तेव्हा खुर्च्या टेबलाखाली सरकवलेल्या असतील. मोकळ्या वाटा बघून वाटेल, वा, भरपूर जागा आहे. साडेसातला त्याच खुर्च्यांवर माणसं बसतात, खुर्ची हातभर मागे येते, पाठीवर पर्स लटकते, आणि जिथून तुम्ही तालमीत झोकात चालत गेलात तिथून आडवं होऊन जावं लागतं. प्रत्येक नवा नट इथेच फसतो. तालमीच्या वेळी सगळ्या खुर्च्या बाहेर ओढून ठेवा आणि मग चालून बघा.

स्वयंपाकघराला बहुतेक दोन झुलती दारं असतात, एक आत जायचं, एक बाहेर यायचं. त्यांच्या समोर उभं राहून कधीही बोलू नका, कितीही छान प्रकाश पडत असला तरी. मागे पाऊल टाकायचं असेल तर आधी मान वळवा. वाढपी 'मागून' म्हणाला तर पात्र बाजूला ठेवा आणि जागेवर थिजा. बाजूला उडी मारू नका, तो तुम्ही स्थिर राहाल असं धरूनच वाट काढत असतो.

आणि पुराव्याच्या वस्तू टेबलावर ठेवून जाऊ नका. टेबल मोकळं करणं हे आमच्या पोरांचं काम, त्यांना पुरावा काय आणि उष्टं काय कळत नाही. आमच्याकडे एकदा खुनाचा सुरा भांडी धुण्याच्या मशीनमधून लखलखीत होऊन बाहेर आला. शेवटच्या प्रवेशात त्यावर रक्ताचे डाग दाखवायचे होते.

दारं उघडण्याआधी वाढप्यांची पाच मिनिटांची बैठक असते. त्यात जाऊन तोंड दाखवा, नाव सांगा. ओळखीच्या नटासाठी पोरं अर्धा मिनिट थांबतात.

---

रात्रीचा_गाडीवाला | गुरुवार, दुपारी १.०५

परतीचं कुणी बोललंच नाही. माझं मत, प्रयोग संपला की निघा. रस्ता रिकामा असतो, अंगात प्रयोगाची झिंग असते, झोप येतच नाही. एक कडक कॉफी मारायची, पहाटे चारला घरी. स्वतःच्या गादीवर झोपायचं. मी कित्येकदा केलंय.

---

तिसरी_घंटा | गुरुवार, दुपारी १.४०

गाडीवाले, त्या झिंगेचंच तर भय आहे. ती तासाभरात उतरते, आणि तेव्हा माणूस हायवेच्या मधोमध असतो.

हिशेब करा. हा शनिवारी सहाला उठणार. रात्री अकराला त्याला जागं होऊन १७ तास होतात. सलग १७ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंद होते, हे प्रयोगांत मोजलं गेलंय. बऱ्याच देशांत गाडी चालवायला तीच मर्यादा आहे. म्हणजे हा निघणार तेव्हाच त्या रेषेवर असेल, आणि पुढे साडेचार तास, तेही पहाटेच्या वेळी, शरीर सगळ्यात जास्त झोप मागतं तेव्हा. कॉफीचं म्हणाल तर, त्यातलं निम्मं कॅफीन शरीराबाहेर जायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे गाडीत धड जाग नाही आणि घरी पोचल्यावर धड झोप नाही.

आमच्या ग्रुपमधल्या एकाने असंच परतताना गाडी दुभाजकावर घातली. तो वाचला. सेटचं सामान मागच्या सीटवर होतं, ते त्याच्या मानेवर आलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, पडद्यानंतर स्टिअरिंग नाही.

---

रात्रीचा_गाडीवाला | गुरुवार, दुपारी २.२०

बरं. दुभाजकाचं वाचून मत थोडं बदललं. कॉफीचं नाही.

---

जुनी_तिकिटं | गुरुवार, रात्री ९.३०

अवांतर, पण धाग्यात शोभेल म्हणून. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात हॅनोव्हर टॅव्हर्न नावाची जुनी सराई आहे. १९५३ साली न्यूयॉर्कच्या काही नटांनी मिळून ती विकत घेतली आणि तिथे बार्क्सडेल थिएटर काढलं. नाटकाला आलेल्यांना जेवणही द्यायला लागले. तिकडचं पहिलं डिनर थिएटर म्हणून बहुधा याचंच नाव घेतात. म्हणजे नटांनीच स्वयंपाकघर आत घेतलं आणि मग ते डोक्यावर बसलं, असं म्हणायला हरकत नाही.

मिनेसोटात चॅनहॅसनला १९६८ पासून एक डिनर थिएटर चालू आहे. तिथे दोनच पात्रांचं एक संगीत नाटक १९७१ ते १९९३ असं चाललं, आणि दोन्ही कलाकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच. अर्धा_पडदा यांना एक रात्र काढायचीय फक्त.

---

अर्धा_पडदा | गुरुवार, रात्री ११.१०

सगळ्यांचे आभार. बावीस वर्षांचं वाचून धीर आला की खचलो, ते कळत नाहीये.

वही केली. पुरावे चार निघाले: हातमोजा, थांबलेलं घड्याळ, पत्र आणि विधवेचं खोटं. पुराव्याची वाक्यं आंघोळ करताना, भांडी घासताना म्हणतोय. पहाटेच निघायचं ठरवलं. निघण्याआधी दिग्दर्शिकेला आणखी काय विचारून ठेवू?

---

तिसरी_घंटा | शुक्रवार, सकाळी ७.२०

झोपायची खोली कोणाबरोबर आहे ते विचार. घोरणाऱ्या खुन्याबरोबर असेल तर कापसाचे बोळे घेऊन जा. रात्री अकरानंतर चावी कोणाकडे मिळेल तेही विचार, आम्ही एकदा मेकअपसकट तासभर पायरीवर बसलोय. प्रवासखर्च आणि मानधन कधी, किती, हे फोनवर नको, मेसेजवर लिहून घे. ओळखीत याची लाज वाटते आणि मग तीच ओळख तुटते.

कोट त्यांचा असला तरी बूट स्वतःचे ने. आवाज न करणारे, न घसरणारे. हॉलच्या जमिनीवर सूप सांडलेलं असतंच.

आणि पत्राच्या दोन प्रती ठेव. दुसरी कोटाच्या आतल्या खिशात. का ते विचारू नकोस, कळेल.

---

अर्धा_पडदा | रविवार, रात्री ९.४५

आलो. जिवंत आहे. सविस्तर लिहितो, कारण तुमच्यातल्या प्रत्येकाचं काही ना काही खरं ठरलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी पोचलो. कोट बसला. पँट नाही बसली. उंची तीच असली तरी कमरेचं कुणी बोललंच नव्हतं. मागे तीन सेफ्टी पिना लावल्या, म्हणून रात्रभर वाकायचं नव्हतं, आणि प्रेत जमिनीवर होतं. शेवटी ताठ उभं राहून चश्म्यातून खाली बघत 'मेलाय' असं म्हटलं. त्याला हशा आला. दिग्दर्शिका म्हणते, आता हे असंच ठेवणार.

खुर्च्या बाहेर ओढून चाललो. कॅप्टनसाहेब, तुम्ही सांगितलं नसतं तर खिडकीजवळच्या दोन टेबलांमधून मी पहिल्याच एंट्रीला कुणाच्या तरी मांडीवर बसलो असतो. वाढप्यांच्या बैठकीत गेलो. एका पोराने विचारलं, "खुनी कोण ते सांगता का? तीन महिने वाढतोय, शेवट कधी ऐकलाच नाही, त्या वेळी आत भांडी असतात." त्याला सांगितलं. त्याने रात्रभर माझी वाट मोकळी ठेवली.

चश्मा घातला आणि पहिली दोन मिनिटं फार वाईट गेली. चेहरे दिसतात हो! एक बाई माझ्याकडे बघत होती आणि तिला मी आवडत नव्हतो हे स्पष्ट दिसत होतं. नंतर लक्षात आलं, ती माझ्या मागच्या विधवेकडे बघत होती. तिचा संशय बरोबर होता, पुढे त्या टेबलाने खुनी अचूक ओळखला. तिसऱ्या प्रवेशात गरम ताटांवर वाकल्यासारखं झालं आणि काचांवर वाफ धरली. म्हणजे शेवटी माझा धूसरपणा मला परत मिळाला, आणि नेमका तेव्हा तो नको होता, कारण वही वाचता येईना.

चूक एक मोठी केली. हातमोजा तिसऱ्या प्रवेशात काढायचा होता, मी पहिल्यातच काढून दाखवला. दोन सेकंद कुणालाच काही सुचेना. मोलकरणीचं काम करणारी मुलगी शांतपणे पुढे आली, "साहेब, तो माझा आहे, भांड्यांचा," म्हणाली आणि हातातून घेऊन गेली. तिसऱ्या प्रवेशात तोच हातमोजा मी पुन्हा शोधून काढला आणि तिच्याकडे असा बघितला की आता भांड्यांचा नाही म्हणून सांग. लोकांना वाटलं मुद्दामच केलंय. तिने नंतर विंगेत, म्हणजे बशा ठेवायच्या कपाटामागे, मला कोपराने ढोसलं.

स्वयंपाकघर बारा मिनिटं मागे पडलं. खूण आली, बोटं गोल फिरवून: ताण, ताण. मी टेबलांवर निघालो. सहा नंबरला एक आजोबा, कोपर टेकलेलं, डोळ्यांत चमक, अगदी वर्णनाबरहुकूम. विचारलं, "सात वाजता आपण कुठे होतात?" ते म्हणाले, "पार्किंगमध्ये. कुणीतरी माझ्या गाडीला चिकटून निळी गाडी लावलीय, दार उघडेना म्हणून बायको दुसऱ्या बाजूने उतरली." निळी गाडी माझी आहे. मी वहीत लिहिल्यासारखं केलं आणि म्हणालो, "त्या गाडीवाल्याचा तपास मी जातीने करीन." काय हसले लोक. त्यांना अर्धाच विनोद माहीत होता.

आणि पत्र. पत्र गेलं! नऊ नंबरच्या टेबलाला बघायला दिलं होतं, परत मागायला गेलो तर चौघंही म्हणे, आमच्याकडे नाही. एका काकूंनी ते पुरावा म्हणून पर्समध्ये टाकलं होतं, निघताना हसत परत दिलं. मी आतल्या खिशातून दुसरं काढलं. तिसरी_घंटा, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

चौदापैकी चार टेबलांनी खुनी ओळखला. नेहमी तीन-चारच ओळखतात, असं दिग्दर्शिका म्हणाली, म्हणजे मी फार बिघडवलं नाही.

दहा वीसला संपलं. खोली प्रेताबरोबर होती, तो घोरत नाही, उलट झोपेतही अजिबात हलत नाही, जरा भीतीच वाटली. पावणेबाराला झोपलो, सव्वापाचला उठलो, एकदा थांबून दहा चाळीसला कामावर. गाडीवाले, कॉफी सकाळी घेतली, कडक.

एकच अडचण राहिलीय. इन्स्पेक्टरला मिशी होती. ती निघाली, पण तिचा गोंद वरच्या ओठावर अजून तसाच आहे. साबणाने दोनदा धुतलं. आज दिवसभर ऑफिसात शिंक आल्यासारखा चेहरा करून बसलो होतो.

---

तिसरी_घंटा | रविवार, रात्री १०.०५

साबणाने जात नाही तो. कुठलंही खायचं तेल बोटाने लाव, पाच मिनिटं थांब, मग मऊ कापडाने हलकं पूस आणि कोमट पाण्याने धू. नखाने ओरबाडू नकोस, आठवडाभर सोलून निघेल.

मोलकरणीला फोन करून हातमोज्याबद्दल नीट थँक्यू म्हण. आणि आजोबांची गाडी मोकळी केलीस ना?

---

अर्धा_पडदा | रविवार, रात्री १०.३०

तेल लावून बसलोय.

केली ना. डेझर्ट वाढत होते तेव्हा मागच्या दाराने पळालो, कोट-मिशीसकट. आजोबा तिथे सिगरेट ओढत उभे होते. काही बोलले नाहीत, नुसती टोपी उचलली.